इझिबोंगो प्रथम वर्षास लागले, त्या मोहिमेची हकीकत

पूर्वजांचे आशीर्वादे, दक्षिण आफ्रिकेतील अमाटोला डोंगरतळीचे विद्यापीठी, साहित्य विभागात जो रणसंग्राम जाहला, त्याचे वर्तमान ऐसे जे:

विभागाचे तख्ती प्रोफेसर फान टोंडर यांचा अंमल. अभ्यासक्रमात समस्त कवी इंग्लंडचे, आणि मग पोरांस विलायती बर्फ मुखोद्गत, परंतु दाराशी फुलली कोरफड कोणे कवितेत नाही, ऐसी अवस्था. हे पाहोन डॉक्टर नोमालंगा म्फेका, खोसा मुलखीची कन्या, यांचे मस्तक फिरले. राजाची थोरवी आणि त्याचे दोष त्याचे तोंडावर एकाच दमात गावे, ते खोसांचे स्तुतिकाव्य इझिबोंगो. ते अनिवार्य व्हावे, नाही तर राजीनामा, ऐसा निश्चय करोन बाईंनी कंबर बांधिली. मसलतीस सखी थांडेका, भाषाशास्त्राची सुभेदारीण; ती नोमालंगांस 'सिसी', म्हणजे ताई, म्हणे.

"सिसी, म्हातारा काही ऐकायचा नाही हं."

"ऐकवल्याशिवाय सोडतेय कोण त्याला!"

मग अभ्यासक्रम समितीचा दरबार भरला, आणि चहा-रस्कांची रसद पावली, आणि नोमालंगांनी सादरीकरणाची तोफ डागिली, तोच भारनियमन होऊन पडदा काळा ठिक्कर पडला. प्रोफेसरांनी संधी साधोन फर्माविले की, जे कागदी नाही ते वाङ्मय नाही, सबब अर्ज नामंजूर. थांडेकांनी रस्कामागे तोंड लपविले. तथापि नोमालंगा खुर्ची सारोन उभ्या ठाकल्या, आणि खड्या आवाजी खुद्द प्रोफेसरांचेच इझिबोंगो आरंभिले:

"ऐका हो! हा तळटीपांच्या कुरणातला जुना बैल! दोन गाड्यांच्या जागेत आपली एकच लावणारा! पोरांची नावं विसरणारा, पण वादळात वाचनालयाचं छप्पर उडालं तेव्हा पुस्तकं कोटाखाली घेऊन धावणारा!"

प्रोफेसर लाल जाहले, मग फिके, मग चष्मा पुसो लागले. इतुकी वर्षे राज्य केले, परंतु त्यांस कोणी गाइले नव्हते.

"हे... लिहून मिळेल का?"

"लिहिलेलंच नाही, प्रोफ. पुन्हा ऐकावं लागेल."

"मग म्हणा. तेवढं गाडीचं वगळून."

"वगळता येत नाही. कायदाच आहे तसा."

प्रोफेसरांनी निमूट हात वर केला, आणि मागोमाग समस्त समितीने. इझिबोंगो अनिवार्य जाहले. इंग्लंडचे कवी 'प्रादेशिक साहित्य' सदरी ऐच्छिक जाहले. फत्तेचा मान म्हणोन तोंडी परीक्षा नोमालंगांचेच माथी आली, आणि मग एकेक विद्यार्थी समोर उभा राहोन परीक्षकबाईंची थोरवी गाता जाहला, दोषांसकट. बाईंनी दातओठ खाऊन सर्वांस पास केले. ऐसा हा विजय संपादिला, तो येथे दप्तरी दाखल असे.