शेडमास्तरांचं सूप

"मिरी आज काय जेवली?" फोनवर बायकोने विचारलं.

"बिस्किटं," शेडमास्तर खरं तेच बोलून गेले.

"आणि काल?"

"काल... वेगळी बिस्किटं."

बारा वर्षं वाट पाहिल्यावर बायकोचं नाव विभागप्रमुखाच्या प्रशिक्षणासाठी लागलं होतं. पंधरा दिवस दुसऱ्या गावी राहायचं होतं, आणि "तू बिनधास्त जा, मी आहे ना!" असं शेडमास्तरच छाती फुगवून म्हणाले होते. अजून चारच दिवस झाले होते.

"हे बघ, आज तिच्या पोटात भाजी गेली नाही, तर सकाळच्या गाडीने मी परत येतेय. तिकीट काढून ठेवलंय. ते पद गेलं खड्ड्यात."

शेडमास्तर रंगाच्या कारखान्यात रंगांच्या शेड जुळवायचे, म्हणून हे नाव. गिऱ्हाइकाने भिंतीचा नखाएवढा पोपडा आणून दिला, तरी दुपारपर्यंत हुबेहूब त्याच रंगाचा डबा हजर. असा माणूस सहा वर्षांच्या मुलीपुढे हात टेकून बसला होता. बिस्किटं आणि आईच्या हातचं टोमॅटोचं सूप सोडून मिरी कशाला तोंड लावत नसे, आणि त्या सुपाचीही शेवटची अर्धी वाटीच फ्रीजमध्ये उरली होती.

पण त्या संध्याकाळी मास्तरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. मिरी कुठलीच भाजी चाखून नाकारत नव्हती. ती नुसती बघायची आणि वाटी सरकवायची. म्हणजे पोरगी डोळ्यांनी जेवत होती! आणि डोळ्यांचा प्रश्न असेल, तर तो आपल्या हातचा मळ.

त्यांनी उरलेलं सूप नमुना म्हणून पांढऱ्या कपात काढलं आणि कामाला लागले. टोमॅटो शिजवून त्यात मूठभर पालक वाटून घातला. सूप चिखलासारखं झालं. लाल आणावा म्हणून बीट घातलं, तर ते जांभळ्याकडे झुकलं. जांभळा मारायला गाजर, गाजराला सावरायला लाल भोपळा. लहान पातेलं भरलं, मोठं भरलं, शेवटी शेजारच्या काकूंकडून पाहुण्यांसाठीचं पातेलं आणावं लागलं.

"किती जण आहेत जेवायला?" काकूंनी विचारलं.

"एक," मास्तर म्हणाले. "अर्धंच म्हणा."

दिव्याच्या उजेडात रंग फसवतो, म्हणून दोन्ही कप घेऊन ते गॅलरीत धावले. सूर्य मावळायला आला होता. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. जुळला! कपाळावरचा घाम पुसून त्यांनी मिरीला हाक मारली.

मिरीने दोन्ही कप पाहिले. "बाबा, हा जरा हिरवट आहे."

"कुठे हिरवट?"

"कडेला बघ ना. पातळ आहे तिथे."

मास्तरांनी कप तिरका केला आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. कडेला केसाएवढी हिरवट छटा होती. कारखान्यातल्या यंत्रालाही ती सापडली नसती. ती ओळखायला त्यांना स्वतःला वीस वर्षं लागली होती, आणि ही पोर फ्रॉकला हात पुसत सांगत होती! ते लेकीकडे पाहतच राहिले.

"मग काय घालू?" त्यांनी विचारलं. आवाज नकळत अदबीचा झाला होता.

"बीट. एवढंच." तिने करंगळीचं नख दाखवलं. "नाही, थांब. आधी थोडा भोपळा."

मग स्टुलावर उभी राहून मिरी हुकूम सोडू लागली आणि मास्तर डाव फिरवू लागले. उजेड जाता जाता दोन्ही कप असे जुळले, की नमुना कुठला आणि माल कुठला हे मास्तरांनाही कळेना. "झाला!" मिरी ओरडली. स्वतः केलेलं सूप ती दुसऱ्या कुणाला थोडीच देणार? तिने एकामागून एक तीन वाट्या संपवल्या. मास्तरांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला.

"तीन वाट्या! पालक, बीट, गाजर, भोपळा, सगळं गेलं पोटात," मास्तर एका दमात म्हणाले.

"थापा मारू नकोस," बायको म्हणाली. "मीठ बरोबर होतं?"

"एकदम बरोबर!"

"मिरीला दे."

मिरीने फोन घेतला. "आई, मीठ नव्हतंच गं. घालायचंच राहिलं. पण रंग तुझ्यासारखाच आला."

मास्तर जागच्या जागी थिजले. संध्याकाळभरात त्यांनी सूप शंभरदा पाहिलं होतं, एकदाही चाखलं नव्हतं. कारखान्यात माल तोंडात घालायचा नाही, ही वीस वर्षांची शिस्त. आता आपलं खोटं पकडलं गेलं, बायको सकाळी दारात उभी राहणार!

"तिकीट रद्द करते," बायको फोनवर हसत होती. "पोरीने खरंच खाल्लंय. तू मात्र नाही!"

मास्तरांनी पातेल्यातलं चमचाभर सूप तोंडात घातलं आणि घशाखाली ढकलताना त्यांना ब्रह्मांड आठवलं. असल्या तीन वाट्या! त्यांनी लेकीला मनोमन हात जोडले.

"बाबा," मिरी विचारात पडली होती, "मिठाने रंग बदलतो?"

"नाही गं."

"मग उद्या घालू," मिरी म्हणाली.