भिंतीअलीकडचे बसवराज सर

दुकानात जाऊन "एक लिटर मुरमुरे द्या" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे बसवराज सर. दुकानदार म्हणायचा, "साहेब, हे किलोवर मिळतात." सर म्हणायचे, "किलो माझं मी बघतो, तू लिटर दे." मग पिशवीतून मापाचं भांडं काढायचे, त्यात मुरमुरे भरून घ्यायचे, खिशातल्या छोट्या काट्यावर तिथंच तोलायचे आणि नाराज व्हायचे. "लई हलके हाईत. दाबून भरावे लागतील."

सर ते खात नसत. लातूरच्या ज्या दवाखान्यात मी कर्करोगाच्या रुग्णांना किरण देण्याचं काम करायचो, तिथं सर भौतिकतज्ज्ञ होते. कुठल्या गाठीला किती किरण द्यायचे हे डॉक्टर ठरवत. ते तेवढेच आणि तिथंच पोचतात का, हे मोजायचं काम सरांचं. फुफ्फुसात हवाच जास्त, त्यामुळं तिथं किरण वेगळे वागतात. मोजणीसाठी नकली फुफ्फुस विकत मिळतं, पण ते यायला वेळ होता. तोवर सरांनी डब्यात मुरमुरे दाबून स्वतःच एक फुफ्फुस तयार केलं. एकदा आमच्या शिपायानं त्यातले मूठभर खाल्ले. सरांनी सगळी मोजणी पुन्हा केली आणि वहीत लिहिलं, "फुफ्फुस कमी भरले. कारण: भूक."

मी चाकूर तालुक्यातला, घरातला पहिला पदवीधर. क्ष-किरण म्हणजे हाड मोडल्यावर फोटो काढतात ते, एवढंच मला खरं तर कळत होतं. दुसऱ्या कुणी हसून सोडलं असतं. सरांनी स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "फोटोचा किरण म्हंजे गल्लीतलं पोरगं. दारातून हाक मारून पळतं. आपला किरण लई ताकदीचा. हा जावई हाय. उंबऱ्यावर थांबत न्हाई, आत जाऊन बसतो. म्हणून कातडी वाचते आन् आतल्या गाठीला मार बसतो." आज मी कुणाला शिकवायला बसलो की हेच सांगतो.

सरांचं दुसरं वेड पाण्याचं. यंत्राची खरी मोजणी पाण्याच्या टाकीत होते, कारण माणसाचं अंग बरंचसं पाणीच. त्या वर्षी लातुरात नळ कधी येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. बायका टँकरपाशी घागरींची रांग लावून बसायच्या, आणि सर काचेची टाकी भरून तिच्यावर किरण सोडायचे. वॉर्डातल्या मावशी टोमणा मारायच्या, "माणसं तहानली आन् तुमची मशीन पाणी पितीया." सर शांतपणे म्हणायचे, "पीत न्हाई मावशी, नुसतं बघते. झालं की तुम्हीच न्या पुसायला." खरोखर द्यायचेही, एक थेंब न सांडता.

त्याच उन्हाळ्यात उदगीरहून मल्लिकार्जुन नावाचे रुग्ण आले. आडत दुकानदार, कपाळावर भस्म, डाव्या फुफ्फुसात गाठ. उदगीर नवा जिल्हा होणार अशी तेव्हा बोलवा होती. ह्यांनी कागदावर पत्ता लिहून दिला, "जिल्हा उदगीर." आमच्या कारकुनानं तो खोडला. ह्यांनी पुन्हा लिहिला. "आज न्हाई तर उद्या होईलच की. कागद तुम्हाला जपून ठेवायचाय न्हवं?"

आत येऊन त्यांनी सरांना पाहिलं, सरांनी त्यांना पाहिलं. दोघांनी माझ्याकडे मान वळवली.

"त्यांना विचार," सर मला म्हणाले, "खोकला कधीपास्नं हाय."

"त्यांना सांगा, दिवाळीपास्नं," ते मला म्हणाले.

दोघांच्या मधे दीड हात अंतर होतं. ते सख्खे भाऊ होते.

अकरा वर्षांचा अबोला. शेतात बोअर कुठं घ्यायचा ह्यावरून. धाकट्या मल्लिकार्जुननं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवणारा माणूस आणला. सर म्हणाले, तिथं पाणी नाही. चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. सर तिथंच गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण ते सगळ्यांदेखत म्हणाले, "मी म्हणालो होतो." त्यानंतर सर उदगीरला गेले नाहीत, आणि लातुरात एका खोलीत एकटेच राहत होते. हे मला मल्लिकार्जुन काकांनी सांगितलं, तेही "त्यांना सांगू नका" म्हणून.

उपचार सहा आठवड्यांचा होता. श्वासाबरोबर फुफ्फुसातली गाठ खालीवर हलते, म्हणून रुग्णानं खोल श्वास घेऊन रोखायचा, तेवढ्यात किरण सोडायचे. रुग्ण जाड भिंतीपलीकडे एकटाच असतो. आम्ही अलीकडून पडद्यावर बघतो आणि माइकवरून सांगतो. पहिल्या दिवशी सर माझ्या कानाशी म्हणाले, "त्यांना सांग, श्वास घ्या." मी माइकवर म्हणालो, "काका, श्वास घ्या." "त्यांना सांग, रोखा." "काका, रोखा."

सरांनी घड्याळ पाहिलं. "दोन सेकंद उशीर. तुझ्यातून जातंय म्हणून." अकरा वर्षांचा अबोला त्यांना चालत होता, पण दोन सेकंदांची चूक चालणार नव्हती. त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला. "श्वास घ्या. रोखा." किरण सुटले, थांबले. "सोडा."

तेव्हापासून रोज तेवढंच. बाकी सगळं माझ्यामार्फत. "त्यांना विचार, घास गिळताना दुखतं का." "त्यांना सांगा, दुखतं, पण जातो."

चौथ्या आठवड्यात यंत्राचा एक भाग बिघडला. इंजिनिअरनं बदलला, पण पाण्यात मोजल्याशिवाय सर रुग्ण घेईनात, आणि दवाखान्याचा टँकर आलाच नव्हता. पाण्याऐवजी प्लास्टिकच्या जाड पाट्यांवर मोजू, असं मी सुचवलं. सर म्हणाले, "त्यांच्यावर रोजचं मोजू. भाग बदलल्यावर पाणीच पाहिजे." एक दिवस बुडाला. गाठीला दिलेली सुट्टी फार वाईट, हे सरांनीच मला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवर कॅन बांधून आले. एक खेप, दोन खेपा, चार खेपा. ते त्यांच्या घरचं पाणी होतं, पुढचा नळ येईपर्यंतचं.

काका बाकावर बसून बघत होते. पाचव्या खेपेला मला म्हणाले, "त्यांना म्हणावं, कंबर धरंल. वाकून उचलू न्हाई."

"त्यांना म्हणावं," कॅन खाली ठेवत सर म्हणाले, "आपल्या खोकल्याचं बघा."

शेवटचा दिवस आला. गाठ लहान झाली होती. पुढचं तपासणीत कळणार होतं. काका टेबलावर आडवे झाले, आम्ही बाहेर आलो, जड दार लागलं.

"श्वास घ्या," सर म्हणाले. "रोखा."

पडद्यावर काकांची छाती वर येऊन थांबली. किरण सुटले, वेळ भरली, यंत्र बंद झालं. आता एकच शब्द उरला होता. सरांनी माइकचं बटण दाबलं होतं, ओठ उघडे होते, पण शब्द बाहेर येईना. उद्यापासून ह्या माणसाशी बोलायला कारण नव्हतं. पलीकडे काका आज्ञाधारकपणे श्वास रोखून पडले होते. मी सरांकडे पाहिलं. त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

एकदम स्पीकरमधून फुस्स करून हवा सुटल्याचा आवाज आला, मग खोकला, आणि मग:

"अण्णा, जीव घेतोस काय रे? सोड म्हन की!"

सर खुर्चीत मागं टेकले. चष्मा काढला, पुसला, उलटा घातला, पुन्हा काढला.

"सोड, मल्ल्या," ते माइकवर म्हणाले. "सोड." मग जरा थांबून, "लगेच बस धरू नको. डबा आनलाय."

"मला?"

"रोजच आनतोय."

सरांनी टेबलाखालून पाच पुडांचा डबा काढला आणि दार उघडायची वाट बघत दाराशी जाऊन उभे राहिले.