डाव्या हाताची भाकर

माझी बायको सिंधू भाकरी उजव्या हातानं थापायची की डाव्या, हे मला बरीच वर्षं नीट आठवत नव्हतं. जन्मभर तिच्या हातचं खाऊन असा प्रश्न पडावा, म्हणजे कमाल आहे. (मी मानसशास्त्राचा प्राध्यापक. ‘निरीक्षण’ हा विषय शिकवायचो.)

अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली आणि आमच्या नांदेडच्या घरी स्वयंपाकाला बाई आली. ती फक्त पोळ्या करणारी. सिंधू लातूरकडच्या शिरूर अनंतपाळची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. पोळीचा घास तोंडात घोळवून बाजूला काढायची. अंगावरचं मांस उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, ‘‘पोटात काही गेलंच नाही, तर माझी औषधं काय करणार?’’

तेव्हा ठरवलं, ज्वारीची भाकरी आपणच करायची. हाताला कौशल्य कसं येतं, यावरच माझी पीएच.डी. आहे. (प्रबंधात पीठ नव्हतं, एवढंच.)

मी परात घेऊन जमिनीवर, सिंधू समोर खुर्चीत. ‘‘मी करते तसं करा,’’ म्हणाली आणि मांडीवरच्या टॉवेलवर डावा हात थापू लागली. मीही डावा हात पिठावर मारू लागलो. ती एकदम हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

‘‘काय चुकलं?’’

‘‘काई न्हाई. चालू द्या, प्रोफेसर.’’

(कारण विचारायचं मनात आलं होतं. पण शिकणाऱ्यानं मध्येच प्रश्न विचारू नयेत, हा वर्गातला माझाच नियम.)

मग रोज सराव. ‘‘अहो, भाकर थापायची हाय, तुमी कानफटात मारायलात! बोटं सैल सोडा. आन् भाकर फिरली पायजे, तुमी न्हाई!’’

मी परातीभोवती सरकत होतो, हे तेव्हा कळलं.

शेजारच्या पार्वतम्मा डोकावल्या. ‘‘सर, हे भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा? किनवट तुटून पडलंय बगा.’’

सिंधू ते तुटलेलं किनवट वरणात कुस्करून दोन घास खायची. तिसरा नको म्हणायची. मी ताटाकडे बघत बसायचो.

आणि एके दिवशी भाकरी फुगली! टम्म! मी घर डोक्यावर घेतलं, ‘‘सिंधू! सिंधू! अगं सिंधू!’’

पार्वतम्मा डोळ्यांना पदर लावूनच धावत आल्या. ‘‘वैनी गं! असं कसं गेलात हो!’’

‘‘न्हाई गं, हाय मी,’’ सिंधू खुर्चीतून म्हणाली. ‘‘यांची भाकर फुगली.’’

ती भाकरी तिनं शेंगदाण्याच्या चटणीबरोबर अख्खी खाल्ली. मग म्हणाली, ‘‘अजून अर्धी हाय का?’’

नव्हती. तिच्या चावण्याकडे बघता बघता मी दुसरी जाळली होती.

त्या हिवाळ्यात ती गेली. तोवर जेवत मात्र होती.

अजूनही मी माझ्यापुरती भाकरी करतो, डाव्याच हातानं. उजव्यानं जमत नाही. कुणी विचारलं तर सांगायचो, ‘‘सिंधू डावखुरी होती ना.’’ तिचा तो हात टॉवेलवर इतका सहज चालायचा, की मला तसंच वाटू लागलं होतं.

मागच्या दिवाळीत आमच्या नातीनं, साक्षीनं, मोबाइलवर घरातला एक जुना व्हिडिओ लावला. सिंधू भाकरी थापत होती. सरसर, उजव्या हातानं. मी पुन्हा लावायला सांगितला. उजव्याच.

पहिल्या दिवशी ती का हसली, ते तेव्हा कळलं.

व्हिडिओत तिच्या अगदी समोर एक माणूस ताट घेऊन बसलेला दिसतो. तोंड पेपरात. मान वर न करता ‘‘वाढ,’’ म्हणत तो हात पुढे करतो. तो मीच.