वीज, वारूळ आणि महाराजांच्या मिशा

एका जंगलात, बाळांनो, वीज पडली की चौकशी व्हायची. विजेची नव्हे. ज्याच्यावर पडली, त्याची.

तिथला कायदा सोपा होता. वीज पाप्यावरच पडते. म्हणून तिच्या तडाख्यात जो सापडेल, त्याला पाणवठा बंद.

एकदा ती टोपाजी माकडाच्या सागावर पडली. झाड उभं चिरलं. टोपाजी शेपूट भाजून वाचला. वाचल्याचा आनंद होतोय न होतोय तोच कोल्हेप्रधान हजर.

“काय पाप केलंस, टोपाजी?”

“आठवत नाही हो, प्रधानजी.”

“बघा! इतकी केली की आठवतसुद्धा नाहीत.”

झालं! पाणवठा बंद. टोपाजीची बायको त्याच्यासाठी गालांत पाणी भरून आणायची. पण बाई बोलकी. वाटेत कुणी “काय गं, बरं आहे ना?” विचारलं की उत्तर द्यायला पाणी गिळून टाकायची. टोपाजी तहानेने अर्धा झाला. मला तर त्या प्रधानाचा अस्सा राग येतो!

त्याच जंगलात घोयरे गुरुजी राहायचे. घोयरा म्हणजे तो सरडा, ज्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. गुरुजी दरबारात म्हणाले, “महाराज, वीज कडाडली की सगळे आभाळाकडे बघतात. जमिनीकडे कुणी बघितलंय? मी एक डोळा वर ठेवतो, एक खाली. फक्त वीज आपल्या सोयीने पडली पाहिजे.”

“ती कशी पाडणार?” सिंहमहाराजांनी विचारलं.

“बोलावून.”

टोपाजीने पळसाच्या पानांचा भलामोठा पतंग केला. त्याला माणसांच्या मोडक्या कुंपणाची तार बांधली. तारेच्या खाली कोरडी दोरी, आणि दोरी माळावरच्या खुंटाला. तार जमिनीला टेकू द्यायची नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं. मधल्या रिकाम्या जागेतच खरी गंमत दिसणार होती.

ढग दाटले. पतंग चढला. सगळे गुहेत दडले.

कडाड्!

वीज तारेवरून खाली उतरली आणि तारेच्या टोकापासून उडी घेऊन माळावरच्या एका ओसाड वारुळावर पडली. तिथे पापी तर सोडाच, मुंगीसुद्धा नव्हती.

“दिसलं!” गुरुजी नाचायला लागले. “वीज वरून चाचपडत येते. ती जवळ आली की जमिनीवरचं सगळं तिच्याकडे ठिणगीचा हात पुढे करतं. झाड, खुंट, वारूळ, सगळंच! ज्याचा हात आधी लागेल, त्याच्यावर ती पडते. पापाचा काही संबंध नाही.”

टोपाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग मी जाऊ पाणवठ्यावर?”

“थांब,” महाराज म्हणाले. “गुरुजी, माळावरच्या आमच्या सिंहासनाच्या खडकानेही हात पुढे केला?”

“केला, महाराज. पण वारुळाचा आधी लागला.”

कोल्हेप्रधान उठले. “म्हणजे त्या दिवशी टोपाजीच्या सागाने महाराजांच्या आधी हात पुढे केला! पापाच्या आरोपातून टोपाजी मुक्त. उद्धटपणाबद्दल पाणवठा बंद.”

महाराजांनी लगेच हुकूम सोडला. पुढच्या विजेचं स्वागत आम्हीच करणार. खडकावर उंच बांबू उभा राहिला, बांबूवर तार चढली. “महाराज, जरा लांब उभे राहा,” असं गुरुजी सांगत होते. पण लांब उभं राहून स्वागत कुठे होतं?

वीज आली. बांबूवर पडली. महाराज कोलांट्या खात खाली आले. जीव वाचला; मिशा गेल्या आणि आयाळ फणीसारखी ताठ उभी राहिली.

आता आली का पंचाईत! कायद्याने महाराजांना पाणवठा बंद.

प्रधानांनी घसा साफ केला. “मंडळी, विजेचा स्पर्श हा मान आहे. यापुढे पाणवठ्यावर फक्त मानकरीच पितील. बाकीच्यांनी डबक्यावर जावं.”

तेव्हापासून टोपाजी महाराजांच्या मांडीला मांडी लावून पाणी पितो. बायकोसाठी गालांत भरूनही नेतो. पण आता तो मानकरी. वाटेत भेटेल त्याला वीज कशी पडली ते सांगावंच लागतं.

बायको डबक्याकाठी वाट बघत बसलेली असते. बांबू कुठे मिळतो, याची ती हल्ली चौकशी करते आहे म्हणे.

तात्पर्य : सत्य जरूर शोधावं, बाळांनो. मात्र ते दरबारात सांगायला जाण्यापूर्वी महाराजांच्या मिशा एकदा जळू द्याव्यात.