कोलते भाऊजींची निळी पेन्सिल

आमच्या शेजारच्या कोलते भाऊजींना नुसतं "छान झालं" म्हणता येत नसे. माझ्या हातची कढी चाखून ते सांगत, "मीठ कमी आहे, वहिनी. बाकी छापायला हरकत नाही."

जबलपूरला ओमतीजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. भिंतीपलीकडे ते एकटे राहत. लढाईचे दिवस होते. पलटणीसाठी तंबू शिवणाऱ्या एका खाजगी कारखान्यात आमचे हे कापड कापायच्या मशीनवर होते आणि भाऊजी ऑफिसात. कारखान्याच्या बातम्या लिहून पेपरांना धाडायच्या, हे त्यांचं काम. मी चौथी शिकलेली. मला वाटे, हा मालकाचा पगारी भाट. पण भाट उलटाच निघाला.

त्यांच्या खिशात निळी पेन्सिल असे आणि तोंडात एकच सवाल. मी सांगितलं, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची बायको पळून गेली.

"कोणी पाहिलं?"

"पाहिलं कोणीच नाही."

"मग पळाली काहून म्हणता? गेली म्हणा."

ज्याचं नाव छापायचं त्याला आधी वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम. कारखान्याच्या खेळांत एका कामगाराची बायको लिंबू-चमच्यात दुसरी आली. ती वीस मैलांवर पाटनला माहेरी गेली, तर भाऊजी दोन ओळी वाचून दाखवायला बसने पाटनला! ती म्हणाली, "पहिली आली असं लिहा नं, भैया."

"तुम्ही दुसऱ्या आल्या. मी पाहिलं."

तिने चहासुद्धा विचारला नाही.

पुढे डबल पाळ्या सुरू झाल्या आणि एका दुपारी यांची दोन बोटं मशीनखाली गेली. चार दिवसांनी भाऊजी कागद घेऊन आले. मॅनेजरने सांगितलेली बातमी होती. नेमाप्रमाणे त्यांनी ती वाचली: कामगाराच्या लापरवाहीने अपघात झाला.

हे खाटेवरून उठलेच. "लापरवाही? काम लवकर व्हावं म्हणून मशीनची बोटं वाचवणारी जाळीच काढून ठेवली होती! हे छापलं तर माझी नोकरी जाते, भाऊजी."

"जाळी काढलेली कोणी पाहिली?"

मला असा राग आला. म्हटलं, "हात पाहा नं यांचा! आणखी कोणी पाहायचं?"

ते कागदाची घडी करून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मशीनपाशी पोचले. ऑफिसातला माणूस तिकडे कधी फिरकत नसे. पोत्यांमागे जाळी धूळ खात पडली होती. पुढचं मला ऑफिसच्या चपराशाने सांगितलं.

मॅनेजर म्हणाला, "कोलते जी, लड़ाई चल रही है. ऐसी बात छापते हैं क्या?"

"मैंने देखा है, साहब. लिखूँगा तो जाली लिखूँगा. लापरवाही लिखनी है तो नीचे आप दस्तखत कीजिए."

मॅनेजरने सही केली नाही. बातमी गेलीच नाही. यांना गेटवर बसायचं काम मिळालं, चूल पेटत राहिली. भाऊजींची बदली गोदामात झाली. तिथे लिहायला काही नव्हतं. मी एकदा म्हटलं, "आमच्यापायी तुमचं नुकसान झालं."

"कोणी पाहिलं?" म्हणाले आणि कढी मागितली. त्याही दिवशी मीठ कमीच निघालं.

लढाई संपली. नंतरच्या थंडीत दोन दिवस त्यांचं दार उघडलं नाही. मला वाटलं, गेले असतील कुठे. तिसऱ्या दिवशी भिंत धरत दाराशी आले. गाल बसलेले, हातात कागद.

"वाचून दाखवतो, वहिनी. कोलते यांना दोन दिवस ताप होता. आता उतरला आहे." मग पेन्सिल काढून ओळ खोडू लागले.

"खोडता काहून?"

"कोणी पाहिलं?"

ते नेहमीसारखंच बोलले. मी ओरडले, "भिंतीवर थाप मारायला काय झालं होतं? हात मोडले होते का?" आणि पेज टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी चहा घेऊन त्यांच्या ओट्यावर जाई आणि तोंडाकडे नीट पाहून सांगे, "आज पिवळे दिसता," नाहीतर "आज बरे आहात." ते निळ्या पेन्सिलीने लिहून घेत. खाली लिहीत: पाहिलं, शेजारच्या वहिनींनी. माझं नाव आलं म्हणून मग मला वाचून दाखवत. चहा निवेपर्यंत मी ऐकून घेई.