पांढऱ्या रेषेच्या आत

मोजेवाली दुपारी घरून परतली, तेव्हा शेजारचे चावीवाले काका तिच्याकडे न बघता, चावीवर कानस घासत म्हणाले, "आज परत आला होता."

"कोण?"

"खांबाजवळचा. तू वळलीस आणि हा हजर. विचारत होता, या बाई रोज असतात का, दुपारी जातात कुठे."

मोजेवालीने चटकन रस्त्यापलीकडच्या खांबाकडे पाहिलं. ती जायची कुठे, हे काही मोठं गुपित नव्हतं. मागच्या गल्लीत तिची खोली होती. खोलीत रात्रपाळी करून झोपलेला नवरा होता आणि चार महिन्यांची चिमी होती. चिमीला बाटली दाखवली, की ती बाटलीकडे अशी बघायची, जणू कुणी तिच्यापुढे बनावट परवाना धरलाय. म्हणून दुपारी मोजेवाली तिला पाजायला जायची आणि तेवढा वेळ सासूबाई पथारीवर येऊन बसायच्या.

आणि नेमकं तेच चालत नव्हतं. परवान्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, की परवानाधारकाने स्वतः बसावे, अन्य व्यक्ती आढळल्यास परवाना रद्द. हा परवाना मिळवायला ती पोटुशी असताना कचेरीचे जिने इतक्या वेळा चढली होती, की चिमी जन्मतःच पायऱ्या मोजेल असं नवरा म्हणायचा. परवाना गेला, तर फुटपाथवरचा हा पांढऱ्या रेषेने आखलेला चौकोनही गेला. मग पोतं डोक्यावर घेऊन पुन्हा गल्लोगल्ली हिंडायचं, आणि तान्ह्या पोरीला घेऊन ते कसं करणार?

रस्त्यापलीकडे तो अजून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, खिशातून डोकावणारी मोजपट्टी. चार दिवस झाले, काही खात नव्हता, काही घेत नव्हता, नुसता बघत होता.

"तपासणीवाला," काकांनी निकाल दिला. "साध्या कपड्यातला. हे जास्त वाईट." मग त्यांनी दोघांच्या मधल्या रिकाम्या चौकोनाकडे कानस रोखली. "हा महिनाभर उगाच रिकामा ठेवलेला नाही. इथे ते त्यांचा माणूस बसवणार. नजर ठेवायला." काकांचा जन्म कुलुपं उघडण्यात गेला होता, त्यामुळे जगात कुठलीही गोष्ट नुसतीच बंद किंवा नुसतीच उघडी असते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मोजेवाली नियमाची पुतळी झाली. सकाळी आल्याबरोबर टेप काढून तिने आपला पसारा चारही बाजूंनी मोजला. रेषेबाहेर लोंबणारा एक मोजा आत ओढला. खांबापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात काकांना पेटी मागे घ्यायला सांगितली, पलीकडच्या फुलवाल्याला बादली आत घ्यायला लावली. फुलवाला पुटपुटला, पण त्यानेही खांबाकडे पाहिलं आणि बादली घेतली. तासाभरात अख्खा फुटपाथ असा शिस्तीत बसला, की येणारेजाणारेच बिचकून रस्त्यावरून चालू लागले.

दुपारी घरी जायचं नाही, हे ठरलंच होतं. म्हणून चिमीलाच आणलं होतं. तिचं खोकं मोज्यांच्या ढिगाऱ्यात, रेषेच्या बरोबर आत. काकांनी त्यातही खोड काढली. परवान्यात फक्त होजिअरी लिहिलंय, म्हणाले, आणि पोर काही होजिअरीत बसत नाही. त्यावर तोडगा म्हणून मोजेवालीने चिमीला पथारीवरचंच लोकरी टोपडं घातलं. झालं. पहिल्याच गिऱ्हाइकाला नेमकं तेच टोपडं हवं होतं. ढिगात तसलीच चार होती, पण बाईंचं म्हणणं, जे बाळाला बसलंय तेच घेणार, पारखून झालंय. टोपडं उतरवलं आणि चिमीने जो भोंगा लावला, तो वाहतूक दिव्यापर्यंत गेला.

सासूबाईंना घरी राहवेना. पण पथारीवर बसायची चोरी. त्यांनीच मग युक्ती काढली. गिऱ्हाइकाला बंदी नाही ना? तर आपण गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने मायेपोटी पोर कडेवर घेतलं, तर कोण हरकत घेणार?

ठेवणीतले कपडे, खांद्याला पर्स, अशा थाटात सासूबाई अवतरल्या. चिमीला उचललं, आणि नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून भाव विचारला. इथे घात झाला. सासूबाईंनी जन्मात कुणाला सांगितलेला भाव दिला नव्हता, आणि सुनेला सूट द्यावी असं काही त्यांना वाटलं नाही. बघता बघता भूमिका अंगात आली. त्यांनी मोजे ताणले, उजेडात धरले, एका धुण्यात जाळी होईल असं चार लोकांदेखत सांगितलं आणि भाव निम्म्यावर आणला. चार लोकांनी हातातले मोजे खाली ठेवले आणि तोच भाव मागितला.

"आई, हळू," मोजेवाली दातांवर दात ठेवून म्हणाली.

"आई कुणाला म्हणतेस?" सासूबाईंनीही दातांवर दात ठेवले. "तो बघतोय. आणि हे मोजे खरंच विरळ आहेत गं. कुठून उचललेस?"

असे तीन दिवस गेले. सासूबाई रोज यायच्या, रोज भांडायच्या, रोज काही न घेता थांबायच्या. धंदा बसला. आणि खांबाजवळचा माणूस? तो दिवसेंदिवस पांढराफटक पडत चालला होता. मोजेवालीने टेप काढला, की तो खांबाच्या आड सरकायचा. तपासणीवाल्याने लपावं, हे काकांनाही जरा जास्त वाटलं. पण ते म्हणाले, हीच त्यांची पद्धत.

चौथ्या दिवशी तिच्या सहनशक्तीचा धागा तुटला. काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून ती रस्ता ओलांडून थेट त्याच्यासमोर उभी राहिली. काय विचारायचं ते मलाच विचारा, असं ती म्हणणार, तोच त्याने फाइल पुढे केली.

"मॅडम, कागद सगळे बरोबर आहेत. अजून मांडलं नाहीये मी काही. एक सुईसुद्धा नाही."

मोजेवालीने मागे वळून पाहिलं. मॅडम म्हणजे तीच होती.

मग हळूहळू उलगडा झाला. रिकामा चौकोन त्याचा होता, म्हणजे त्याच्या बायकोचा. परवाना तिच्या नावावर, सुया, बटणं, दोरे विकण्याचा. पण बाळ दोन महिन्यांचं, ती बसणार कशी? तिच्या जागी हा बसायला आला, तर शेजारी ही बाई. आधी नुसतीच खांबाकडे रोखून बघायची, मग टेप लावून सगळ्यांना मागे सारू लागली. दुपारी हिच्या जागी बसणाऱ्या आजीबाईही आता पर्स लावून रोज येतात, माल उजेडात धरून तपासतात, घेत काहीच नाहीत. कचेरीने दोघींना पेरलंय, याबद्दल त्याला शंका उरली नव्हती. दुपारी ही जेवायला जाते का, तेवढ्यात आजीबाईंची नजर चुकवून पथारी पसरावी, म्हणून त्याने काकांना विचारलं होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पौर्णिमा होती.

पण मोजेवाली इतक्यात विरघळणारी नव्हती. बोलतं करायला आलेला माणूस असंच गोड बोलणार. ती त्याला न्याहाळत राहिली. तेवढ्यात पलीकडून चिमीचं रडणं आलं, आणि दोघांनीही एकाच वेळी मान वळवली.

"एक विचारू?" तो खाली बघत म्हणाला. "तुमची पिऊन झाली, की लगेच आडवी करता? आमचा आडवा केला की सगळं माझ्या अंगावर. रोज धुतलेला शर्ट घालून निघतो आणि दारातच..."

त्याच्या डाव्या खांद्यावर, इस्त्रीच्या घडीलगत, वाळलेल्या दुधाचा फिकट डाग होता. तसाच, तिथेच, तिच्याही खांद्यावर होता. हा डाग कुठल्याही कचेरीत मिळत नाही.

"उभं धरायचं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच वेगळा वाटला. "पाठीवर थोपटायचं नाही, खालून वर हात फिरवायचा. ढेकर आली नाही, तर दोन फेऱ्या मारायच्या. घाई केलीत की फसलात."

दुसऱ्या दिवशी त्याने मधल्या चौकोनात बटणं मांडली. दुपारी मोजेवाली घरी गेली, चिमी पोट भरून झोपली, आणि सासूबाई पर्स घरी ठेवून पथारीवर बसल्या. सुरळीत, असं म्हणायला हरकत नव्हती.

ती परतली, तर काकांची कानस थांबलेली. समोर खांबाजवळ एक तरुण बाई उभी होती. छातीशी गाठोड्यात बांधलेलं मूल, नजर थेट मोजेवालीवर. पायापासून डोक्यापर्यंत, मग परत खाली. तिने येताना काकांना एकच विचारलं होतं म्हणे, की आमचे हे आठ दिवस इथे उभं राहून नेमकं बघत काय होते. बटणवाला पेटीत तोंड खुपसून पांढरी बटणं पांढऱ्या बटणांतून वेगळी करत बसला होता.

"बायको म्हणवते, पण ही कचेरीतली तर नाही ना हो?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"छे," सासूबाई म्हणाल्या. "ही घरातली. हिच्यापुढे परवाना चालत नाही."