माझे बाबा नळ दुरुस्त करू शकतात

मुकर्रेम बाईंच्या स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळत होता, आणि त्यांच्या वर्गातल्या गुल्जेने गृहपाठात लिहिलं होतं, 'माझे बाबा नळ दुरुस्त करू शकतात.' तुर्की भाषेत क्रियापदामागे 'अबिलिर' जोडलं की माणसाला ते काम येऊ लागतं. 'येतं' आणि 'येईलही कदाचित' या दोन्हींना तेच शेपूट चालतं. बाईंनी वाक्याखाली 'शाबास' लिहिलं आणि बाबांना निरोप धाडला.

बाबा, म्हणजे मुअम्मेर, कास्तामोनूच्या बाजारात शिंपी होता. त्याने जन्मात पाना धरला नव्हता.

"बाईंना मी हो सांगितलंय. येतं ना तुम्हाला?" गुल्जे म्हणाली.

लेक अशी बघत होती, की 'नाही' म्हणायला जागाच नव्हती. "न यायला काय झालं?" म्हणत मुअम्मेर मेहुण्याकडे पाना मागायला गेला.

पान्याबरोबर मेहुणा जावितही आला. "भावोजी, तुम्ही आपली सुई धरा. हे माझ्यावर सोडा."

"तुला येतं?"

"त्यात काय यायचंय?"

बाईंच्या स्वयंपाकघरात जावितने पाना फिरवला. थेंबाची धार झाली. मुअम्मेरने उलटा फिरवला. नळ हातात आला. पाणी बंद करायची मुख्य चावी गंजलेली होती, म्हणून जावितने तिच्यावर पाय दिला. तीही तुटली.

"आधी चहा घ्या, निवतोय," बाई म्हणाल्या. पाहुणा कसाही असो, चहा चुकत नाही. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून दोघांनी चहा घेतला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. "बाई, माझ्या गालिच्यावर पाऊस पडतोय."

गुल्जे पातेल्याने पाणी उपसत होती. "बाबा, जमतंय ना?"

"जमतंय गं. जुना नळ आहे, वेळ लागतो."

शेवटी बाईंनी हालिस प्लंबरला बोलावलं. त्याने रस्त्यावरची चावी बंद केली, वर येऊन उकिडवं बसून भिंत ठोकून पाहिली.

"एक वायसर बदलायचं होतं, बाई. आता पाइप आत तुटलाय, भिंत फोडायला लागेल. मला एकट्याला नाही जमायचं."

दुपारपासून पहिल्यांदाच मुअम्मेरच्या चेहऱ्यावर तेज आलं. तो लेकीकडे वळला.

"ऐकलंस ना? त्यांनाही जमत नाही."